गिअरबॉक्सला ‘काही लागत नाही’ सांगणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

विश्रामबाग, सांगली

सर्व्हिसिंगच्या काउंटरवर बसणाऱ्या साहेबांना,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. पण मनात नसलेलं प्रेम कागदावर आणायची मला सवय नाही. म्हणून नुसता नमस्कार करतो आणि थेट मुद्द्यावर येतो.

तुमचं नाव मी लिहीत नाही, तुमच्या वर्कशॉपचंही नाही. हा गुन्हा तुमच्या एकट्याचा असता, तर नाव घेऊन जाब विचारला असता. पण ऑटोमॅटिक गाडी सर्व्हिसिंगला जाते तिथे तिथे तुमचा एखादा भाऊबंद बसलेला असतो. ग्राहक विचारतो, “गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं का हो?” आणि कॉम्प्युटरवरची नजर न काढता उत्तर येतं, “त्याला काही लागत नाही. लाइफटाइम असतं ते.” एवढ्या दोन वाक्यांनी तुम्ही लोकांचे लाखो रुपये पाण्यात घातले आहेत. तुमच्यावर माझा आरोप हाच आहे, आणि तो मी पुराव्यानिशी करतो आहे.

पुरावा माझ्या दाजींच्या गाडीचा आहे. माणूस बँकेतून निवृत्त झालेला. पासबुक काय आणि गाडीचं सर्व्हिस बुक काय, दोन्हींतल्या नोंदी वेळच्या वेळी झाल्याच पाहिजेत, असा त्यांचा खाक्या. सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी त्यांनी घेतली, कारण गुडघे कुरकुरायला लागले होते आणि क्लच दाबवत नव्हता. गाडीने लाखाचा टप्पा ओलांडला, तोवर एकही सर्व्हिसिंग चुकलं नव्हतं. सगळी बिलं फायलीत लावलेली आहेत. मी ती फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. इंजिन ऑइल आहे, फिल्टर आहेत, व्हील अलाइनमेंट आहे. बॉडीवरचं कोटिंग आहे, आतल्या सीटांची धुलाई आहे, एसीचा वास घालवायचा फवारा आहे, आणि तोही दर वेळी. गिअरबॉक्सच्या तेलाची मात्र एका ओळीचीही नोंद नाही. फवाऱ्याचा दर तुम्हाला तोंडपाठ होता. गिअरबॉक्समध्ये कोणत्या ग्रेडचं तेल आहे, हे विचारल्यावर मात्र तुम्हाला आत जाऊन यावं लागलं.

गाडीने तर वेळोवेळी सांगितलं होतं. आधी सकाळी गाडी सुरू करून ‘डी’ला टाकली की ती क्षणभर थबकायची आणि मग हिसका देऊन निघायची. दाजींनी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, “थंड असताना ऑटोमॅटिक अशीच वागते.” मग चाळीस-पन्नासच्या वेगाला, पाय हलका ठेवला की रस्त्यावरच्या उंच पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर यायला लागली. तेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, “टायर घासलेत, बदलून बघा.” दाजींनी चारही टायर बदलले. थरथर तशीच राहिली. टायरचं बिल तुमच्याच काउंटरवर झालं. शेवटी पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या चढाला इंजिन ओरडायला लागलं, काटा वर चढला, पण गाडी काही वेग घेईना. मागे ट्रक, शेजारी घाबरलेली माझी बहीण. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण फोन मीच लावला होता: “आता हात लावू नका. एवढ्या जुन्या गाडीचं ऑइल आता बदललं, तर गिअरबॉक्सच बसेल.”

साहेब, तुमची ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा. गाडी नवी होती तेव्हा ‘लागत नाही’. गाडी जुनी झाली तेव्हा ‘आता बदलता येत नाही’. मग बदलायची वेळ नेमकी कधी होती? या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी काही वर्षांचा आणि काही हजार किलोमीटरचा एक काळ होता. तेव्हा तुम्ही तोंड उघडायला हवं होतं. तेव्हा तुम्ही एसीचा फवारा विकत होतात.

शेवटी गाडी मुख्य रस्त्यापासून आत एका लहान गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी आधी गाडी चालवून बघितली, मग लिफ्टवर घेतली आणि खालचा ड्रेन बोल्ट सोडला. मी शेजारीच उभा होतो. नवं तेल त्यांनी मुद्दाम एका पारदर्शक बाटलीत ओतून ठेवलं होतं. सरबतासारखं लाल, आरपार दिसणारं. आणि बोल्टातून जे आलं ते काळं, वरची धार संपायच्या आत खालच्या भांड्याचा तळ दिसेनासा करणारं. त्याला करपल्याचा वास होता. मिस्त्रींनी दोन थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाकले. नवं तेल पसरत गेलं आणि कडेपर्यंत गुलाबी राहिलं. जुनं मध्येच बसलं आणि भोवती तपकिरी कडं सोडून तिथेच थांबलं. मग चेंबर उतरवलं. तळाशी चार लहान लोहचुंबक असतात, झिजलेल्या लोखंडाचा चुरा धरून ठेवायला. त्यांच्यावर राखाडी लगद्याचा एवढा थर होता, की चुंबकाचा आकार ओळखू येत नव्हता. मिस्त्री बोटाने तो लगदा चोळून बघत म्हणाले, “कणी लागत न्हाई हाताला, हे नशीब समजा. नुसती काजळी हाय. अजून सहा म्हयनं चालवली असती, तर कणी लागली असती, मग आमच्या हातात काय राह्यलं नसतं.”

बारीक राखाडी लगदा म्हणजे क्लच प्लेटची आणि स्टीलची रोजची झीज. ती प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये होतेच, आणि थोडी असेल तर घाबरायचं कारण नाही. चमकणारे कण, चिपा, तुकडे दिसले, तर आतला एखादा भाग तुटायला लागला आहे असं समजायचं. हा फरक विश्रामबागेतल्या त्या गॅरेजमधला, कसलीही पदवी नसलेला माणूस बोटाने सांगतो. तुमच्याकडे एअरकंडिशन्ड काउंटर आहे, कॉम्प्युटर आहे, कंपनीचं ट्रेनिंग आहे. तरी इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही हे चेंबर उघडून बघितलं नाही.

हे तेल करतं काय, हे तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असूनही न सांगणं, हाच तर गुन्हा आहे. पण पत्र खुलं आहे आणि ते वाचणारे गाडीवाले आहेत, म्हणून लिहितो. इंजिनमधलं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, ते एका वेळी चार कामं करतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणारं माध्यम तेच. व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांतून दाब बनून गिअर बदलणारा हायड्रॉलिक द्रवही तेच. क्लच प्लेट घट्ट धरल्या जाव्यात, पण झटका न देता, हे ठरवणारी रसायनं त्यातच मिसळलेली असतात. आणि हे सगळं होताना तयार झालेली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणारंही तेच. चार कामं करणारा हा सुटा भाग आहे. तो द्रवरूप आहे म्हणून सुटा भाग नाही, असं होत नाही.

तो झिजतो, आणि मुख्यतः उष्णतेने झिजतो. गिअरबॉक्सवाल्यांमध्ये जुना आडाखा आहे: तेल ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर दीर्घकाळ टिकतं. त्याच्या वर दर दहा-अकरा अंशांमागे त्याचं आयुष्य साधारण निम्मं होत जातं. शंभर अंशांवर रोज राहणाऱ्या तेलाचं काय होत असेल, हे हिशेब करून बघा. आधी घर्षण सांभाळणारी रसायनं संपतात, तेव्हा चाळीस-पन्नासच्या वेगाला लॉक-अप क्लच धरताना थरथर येते. दाजींच्या गाडीला नेमकी तीच आली होती, आणि तिच्यासाठी तुम्ही टायर बदलायला लावलेत. पुढे तेल ऑक्सिडाइझ होतं, घट्ट चिकट थर धरतं. सोलेनॉइडच्या बारीक वाटा अडतात. दाब उशिरा येतो. गिअर उशिरा पडतो. तेवढ्या वेळात क्लच प्लेट घसरते, घसरताना आणखी तापते, आणि झीज वाढत जाते.

या तेलाला किती जपावं लागतं, हे त्याचा इतिहासच सांगतो. जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक गिअरपेटी १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्डस्मोबाईल गाड्यांसाठी आणली. १९४९ मध्ये तिच्या तेलाचा पहिला ठरावीक दर्जा आला, ‘टाइप ए’. त्या काळी प्लेटचं घर्षण नेमकं राहावं म्हणून तेलात देवमाशाच्या चरबीपासून काढलेल्या तेलाचा अंश घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशांच्या रक्षणासाठी त्यावर बंदी आली आणि तेलवाल्यांना नव्याने रसायनं शोधावी लागली. घर्षणाचा एक घटक बदलला, तर साऱ्या उद्योगाला धावपळ करावी लागली. आणि तुम्ही सांगता, की दहा वर्षं जळलेलं तेल आणि नवं तेल यांत काही फरक नाही.

आता तुमचा तो आवडता शब्द, ‘लाइफटाइम’. कोणाचं आयुष्य, हे तुम्ही कधीच सांगत नाही, म्हणून मी सांगतो. जर्मनीतली झेडएफ ही जगातल्या सर्वांत मोठ्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एक. आपल्या चाकणलाही तिचं काम चालतं. तिचे गिअरबॉक्स वापरणाऱ्या काही नामवंत गाडी कंपन्यांनी वर्षानुवर्षं ‘लाइफटाइम तेल’ असं सांगितलं. खुद्द पेटी बनवणारी झेडएफ मात्र सांगते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, फार तर आठ वर्षांत, तेल बदला. पेटी बनवणाऱ्याचं ऐकायचं की गाडी विकणाऱ्याचं, हे ग्राहकाने ठरवायला हवं होतं. तुम्ही त्याच्यापर्यंत दुसरी बाजू पोहोचूच दिली नाहीत.

बरं, विकणाऱ्या कंपन्याही तुमच्याइतक्या बेफिकीर नाहीत. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात शेवटी शेवटी एक कोष्टक असतं: खडतर वापराचं. नेहमीच्या वापरात ‘तपासणी नको’ लिहिणाऱ्या कंपन्याही तिथे गिअरबॉक्सच्या तेलासाठी ठरावीक किलोमीटर देतात. खडतर वापर कशाला म्हणायचं? धुळीचे रस्ते, डोंगराळ रस्ते, ओझं ओढणं, आणि ३२ अंशांच्या वर उष्मा असताना अर्ध्याहून जास्त वेळ शहरी गर्दीत चालवणं. साहेब, ही यादी वाचून तुम्हाला सांगली आठवली नाही? मार्चपासून मेपर्यंत भरदुपारी ३२ अंश हे आपल्याकडे थंड मानतात. विश्रामबाग चौकातून स्टेशन चौकाकडे संध्याकाळी निघा. ‘डी’मध्ये ठेवून ब्रेक सोडत-धरत सरकायचं, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर सतत तेल घुसळणार आणि सतत तापणार. उसाचा हंगाम लागला की पेठनाक्याकडे जाताना दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागे कितीतरी अंतर त्याच गतीने जावं लागतं. कोकणात उतरायचं तर घाट, पुण्याहून यायचं तर खंबाटकी. आपल्या जिल्ह्यात ऑटोमॅटिक गाडीचा वापर खडतरच आहे. पुस्तकाच्या भाषेत सांगायचं, तर इथे ‘नेहमीचा वापर’ हे कोष्टकच लागू होत नाही. ते कोष्टक तुम्ही दाजींना दाखवलं असतं, तरी हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आणि हे तुम्ही कुठे बसून सांगता? १९४७ पासून इंजिनिअर घडवणारं वालचंद कॉलेज ज्या विश्रामबागेत आहे, तिथे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना उभा केला ती किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये जा, लेथवरच्या कामगाराला विचारा, हेडस्टॉकचं तेल कधी बदलायचं. तो तारीख सांगेल. तासगाव-पलूसकडच्या शेतकऱ्याला विचारा, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल कधी बदलतोस; तो मीटरवरचे तास सांगेल. यंत्राच्या तेलाला मुदत असते हे इथल्या शेतात आणि शेडमध्ये प्रत्येकाला कळतं. त्याच लोकांना तुमच्या काउंटरवर आल्यावर ‘लाइफटाइम’ ऐकावं लागतं.

तुमच्या दुसऱ्या वाक्याकडेही वळतो, कारण ते अधिक घातक आहे. ‘जुनं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते खपतं. ज्या गाडीच्या क्लच प्लेट आधीच झिजून गेल्या आहेत, तिच्या तेलात झिजेचा चुरा मिसळलेला असतो. काही वेळा त्या चुऱ्यामुळेच प्लेट कशीबशी धरते. नवं, स्वच्छ, डिटर्जंट असलेलं तेल घातलं की ती धर सुटते आणि गाडी घसरायला लागते. हे खरं आहे. पण तिथे गिअरबॉक्स नव्या तेलाने मारलेला नसतो. तो आधीच मेलेला असतो. नव्या तेलाने फक्त ते उघड होतं. आणि दोष जातो शेवटी हात लावणाऱ्या गॅरेजवाल्याच्या माथी. अनेक वर्षं हात न लावणारे तुम्ही नामानिराळे राहता.

या भीतीचा बाजारही तुम्हीच मांडला. आधी तेल काळं होईपर्यंत थांबायचं, मग कुणी हट्टच धरला तर मशीन लावून दाबाने सगळं एका फटक्यात धुऊन काढायचं. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ त्या दाबाने उठतो आणि थेट व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन अडकतो. मग तुम्ही म्हणता, “बघा, सांगितलं होतं ना, बदलू नका.” नियमित बदललेल्या गाडीला मशीनने फारसं काही होत नाही. दुर्लक्षित गाडीला ते धोक्याचं आहे. आणि दुर्लक्ष कुणी करवलं, हे फायलीतली बिलं सांगतात.

दुर्लक्ष झालेल्या गाडीचं काय करायचं, हे त्या मिस्त्रींनी करून दाखवलं, आणि ते असं. आधी गाडी चालवून बघायची. गिअर आताच साफ घसरत असतील, इंजिन ओरडून गाडी जागची हलत नसेल, तर तेल बदलून काही होणार नाही, हे ग्राहकाला तोंडावर सांगायचं. फक्त थरथर, उशीर, हलका झटका असेल, तर तेल टप्प्याटप्प्याने बदलायचं. अशा पेटीत सहा-सात लिटर तेल मावतं, पण ड्रेन बोल्ट काढला की साधारण निम्मंच बाहेर येतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून पहिल्या वेळी चेंबर काढून साफ करायचं, चुंबक पुसायचे, बाहेरून निघणारा फिल्टर असेल तर तो आणि पॅकिंग नवं टाकायचं, आणि जेवढं निघालं तेवढंच मोजून नवं भरायचं. काही शे किलोमीटर गाडी चालवायची. पुन्हा निम्मं काढायचं, पुन्हा भरायचं. दुसऱ्या फेरीला तीन चतुर्थांश तेल नवं होतं. तिसऱ्या फेरीला शंभरात सत्याऐंशी भाग. गाळ हळूहळू निघतो, एकदम उठत नाही.

शेवटचं काम सगळ्यांत नाजूक असतं, ते म्हणजे लेव्हल. दाजींच्या गाडीच्या पेटीला डिपस्टिक नाही. गाडी अगदी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर एकदा सावकाश फिरवायची. स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत राहायचं. कंपनीने दिलेल्या ठरावीक तापमानाला लेव्हलचा बोल्ट सोडायचा आणि धार बारीक होऊन थेंबावर आली की लावायचा. तेल जास्त झालं तर फेसाळतं, कमी झालं तर पंप हवा ओढतो. दोन्हींत दाब जातो. मिस्त्री स्कॅनर हातात धरून तिथे उकिडवे बसले होते आणि घाई करणाऱ्या दाजींना म्हणाले, “थांबा दाजी, चार अंश बाकी हायत.” मला त्या चार अंशांचं मोल तिथे कळलं. तुमच्या काउंटरवर मला एवढी काळजी कधी दिसली नाही.

‘लाल तेल सगळं सारखंच’ हेही तुमच्याच तोंडचं वाक्य. ते सारखं नसतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीला लागणारं तेल वेगळं, आणि त्यातही प्रत्येक कंपनीचा दर्जा वेगळा. सीव्हीटीत स्टीलचा पट्टा पुलीला धरून राहावा लागतो, तिचं तेल निराळंच. तिथे साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो. ड्युअल क्लच पेटीत ओला क्लच असेल तर त्याचं तेल पुन्हा वेगळं, आणि फोक्सवॅगनची सहा गिअरची तशी पेटी तर कंपनीच दर ६० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगते. आणि एएमटी, जी आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून घरोघरी गेली, ती आतून साधी मॅन्युअल पेटीच. तिला गिअर ऑइल लागतं. चार पेट्या, चार प्रकारचं तेल. तुमच्याकडे मात्र चौघींना उत्तर एकच: काही लागत नाही.

सांगलीकरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक पाण्याखाली होते आणि तिथल्या गाड्याही. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते. पाणी तिच्याही वर गेलं की आत शिरतं. एटीएफमध्ये पाणी मिसळलं की ते दुधाळ गुलाबी होतं, आणि क्लच प्लेटवरचा कागदासारखा थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो, तो गोंद पाण्याने सुटत जातो. अशा गाडीचं तेल तातडीने, पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. पूर ओसरल्यावर किती गाड्या नुसत्या धुऊन, सीटा वाळवून, वास मारून बाजारात गेल्या असतील, याचा विचार केला तरी मन विटतं. जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्याने सीटखालचा गाळ बघावाच. पण गिअरबॉक्सच्या तेलाचे चार थेंबही काढून बघावेत.

आणि काढलेलं काळं तेल कुठे जातं, हाही प्रश्न तुमच्याकडेच येतो. वापरलेलं तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने चालणाऱ्या पुनर्वापर केंद्राकडेच द्यायचा असतो. गटारात ओतलेलं तेल नाल्यात जातं आणि नाला कृष्णेत. शेरीनाल्याने या शहराला किती वर्षं छळलं आहे, ते सांगलीकराला समजावून द्यायची गरज नाही. आपण हेच पाणी पितो, साहेब. तुम्हीही पिता.

दाजींच्या गाडीचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तीन फेऱ्यांनंतर थरथर गेली. चढाला गाडी पुन्हा उचलायला लागली. पण थंड असताना ‘डी’ला टाकल्यावरचं ते थबकणं गेलं नाही, आणि जाणारही नाही. जो थर झिजून चुंबकावर बसला, तो परत प्लेटवर चढत नाही. तेल बदलायचा खर्च काही हजारांत झाला. वेळेवर केला असता, तर तेवढाच झाला असता आणि गाडी अबाधित राहिली असती. आणखी थोडे दिवस तुमचं ऐकलं असतं, तर पेटी उघडावी लागली असती आणि तो आकडा लाखाच्या घरात गेला असता. निवृत्त माणसाच्या पेन्शनमधले लाख रुपये. ते कसे जमतात, हे तुमच्या घरातल्या एखाद्या निवृत्त माणसाला विचारा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या उणिवेची व्याख्या दिलेली आहे. ग्राहकाचं नुकसान होईल असा हलगर्जीपणा तर त्यात येतोच; पण ग्राहकाला लागणारी माहिती जाणूनबुजून दडवणं हेही त्यात स्पष्ट शब्दांत येतं. म्हणजे, गप्प बसणं हाही दोषच आहे. दाजींनी अजून कुठे तक्रार केलेली नाही. ते भले गृहस्थ आहेत. प्रत्येक ग्राहक इतका भला असेल, या भरवशावर तुम्ही राहू नका.

तुमच्याकडून मला मोजक्याच गोष्टी हव्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही पैसे पडत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी आली की ती कोणत्या प्रकारची आहे, तिच्या पेटीत कोणत्या ग्रेडचं तेल आहे, हे जॉब कार्डवर लिहा. पुस्तकातलं खडतर वापराचं कोष्टक ग्राहकाला दाखवा आणि सांगलीच्या उन्हात तेच लागू होतं, हे सांगा. चाळीस-पन्नास हजारांनंतर तेलाचा रंग आणि वास एकदा तरी बघा. गाडी थरथरत असेल तर टायर विकण्याआधी गिअरबॉक्सचं तेल तपासा. आणि बदलायची वेळ निघून गेली असेल, तर ती कुणामुळे गेली, हे खरं सांगायची हिंमत ठेवा.

वाचकहो, पुढच्या सर्व्हिसिंगला काउंटरवर एकच प्रश्न विचारा: “माझ्या गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं?” आकडा मिळाला तर तो लिहून घ्या आणि पाळा. ‘काही लागत नाही’ असं उत्तर आलं, तर तेवढंच वाक्य जॉब कार्डवर लिहायला लावा आणि खाली सही घ्या. सही करायला हात थबकला, की खरं उत्तर तुम्हाला मिळालेलं असेल.

कळावे,
एक ग्राहक
विश्रामबाग, सांगली